विषय : आबांच्या गाडीचा दम कमी होणेबाबत

सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात : मणक्याची दुखणी आणि किस्से. मणक्याचं कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आम्ही किस्से सांगतो. आम्हा निवृत्त कारकुनांची बैठक रोज सकाळी जळगावात सलीमच्या गॅरेजवर भरते. तिथं बाकडं आहे, समोर चहा आहे, आणि आपल्याला न कळणारं काम दुसरा करतोय हे बघण्याचं सुख आहे. कचेरीत आम्हांला न कळणारी कामं आम्हीच करायचो!

गेल्या वर्षातले निम्मे किस्से एकट्या आबा पाटलांच्या गाडीचे निघतील. आबा आमचे हेडक्लार्क. गाडी पांढरी, चौकोनी, कार्बोरेटरच्या जमान्यातली. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोलची सोयरीक जमवणारा मध्यस्थ. आताच्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो, म्हणून त्या बिघडल्या तरी त्यावर चार माणसांना बोलता येत नाही.

*

सुरुवात सावद्याच्या लग्नापासून झाली. आबा गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे अक्का. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी, नगरपालिकेच्या शाळेतल्या निवृत्त बाई. आबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. थोडक्यात, रस्ता निम्मा दिसत होता आणि आबा तेवढ्यावर समाधानी होते.

ज्या माणसाने आयुष्यात एकही फाइल आठ दिवसांच्या आत पुढे सरकवली नाही, त्याला निवृत्तीनंतर वेगाचं वेड लागलं होतं! पुढे केळीचे तीन ट्रक. आबांनी पहिला मागे टाकला, दुसरा टाकला, तिसऱ्याच्या बरोबरीला आलो तर समोरून एसटी! ड्रायव्हर भला माणूस. त्याने बस रस्त्याच्या खाली उतरवली आणि आम्हांला लग्नाला जाऊ दिलं.

"बघितलंत नाना? गाडीत अजून दम आहे!" आबा म्हणाले.

"गाडीत आहे हो. माझ्यात उरला नाही."

अक्कांनी लग्नात जिलबीलाही हात लावला नाही. परतताना एवढंच म्हणाल्या, "अहो, जरा हळू चालवत जा." आबा म्हणाले, "चालवतो की!" आणि एका मोटारसायकलवाल्याला मागे टाकलं.

*

त्यानंतर पंधरा दिवसांत गाडीचा दम गेला. पाय पूर्ण दाबला तरी चाळीसच्या पुढे काटा जाईना. पुलावर चढताना मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले.

आबांनी गाडी सलीमकडे आणली आणि त्याच दिवशी फाइल उघडली. खोटं सांगत नाही! पिवळं कव्हर, लाल फीत, वर सुवाच्य अक्षरात विषय : "गाडीचा दम कमी होणेबाबत." आत टिपणीचे कागद, पान क्रमांकासह.

"सलीम, तुझा अभिप्राय लिही."

"आबा, मी गाडी ऐकतो. लिहीत नाही."

"मग ऐकलेलं लेखी दे."

सलीम पन्नाशीचा, जळगावातला नावाजलेला मेकॅनिक. गाडी फाटकातून आत येताना आवाजावरून आजार ओळखणारा. पण या गाडीपुढे तो दहा मिनिटं नुसताच उभा राहिला. शेवटी पेन घेऊन लिहिलं, "बघतो." खाली सही.

आबांनी समाधानाने मान डोलावली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत याहून स्पष्ट अभिप्राय त्यांनाही कधी मिळाला नव्हता.

*

सलीमने कार्बोरेटर उतरवला. आत जेट नावाचा पितळी तुकडा असतो, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यात कचरा अडकला की इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. आबांनी चष्मा लावून, भोक उन्हाकडे धरून पाहिलं. आरपार सूर्य!

"कचरा नाही?"

"नाही आबा."

"नीट बघ. असेल."

सलीमने तरी साफ केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. प्लग बदलले, पॉइंट घासले, एअर फिल्टर नवा घातला. मला एक गोष्ट मात्र विचित्र वाटायची. या सगळ्या दिवसांत सलीम आबांच्या नजरेला नजर देत नसे. जे बोलायचं ते कार्बोरेटरकडे बघून बोलायचा.

"बठ्ठं बेस शे," सगळं ठीक आहे, असं तो कार्बोरेटरला अहिराणीत सांगायचा.

*

आमचा भावसार टायपिस्ट होता. आता मोबाइलवर व्हिडिओ बघून सर्व विषयांत तयार झाला आहे. गुडघ्यावरचे उपाय बघता बघता तो इंजिनावर आला.

"सायलेन्सर तुंबला असेल. धूर बाहेर पडला नाही तर इंजिनाचा श्वास कोंडतो. मी मागे उभा राहतो. आबा, द्या रेस!"

सलीमने बॉनेटमध्ये हात घालून कार्बोरेटरचीच दांडी ओढली. इंजिनाने अशी डरकाळी फोडली की समोरच्या झाडावरचे बगळे उठले. भावसार नेहमी पांढरा शर्ट घालतो. त्या दिवशी येताना तरी तो पांढरा होता.

"सायलेन्सर मोकळा आहे," त्याने तोंड पुसत कबूल केलं.

आबांनी लगेच फाइलमध्ये नोंद केली : "पान सात. अहवाल शर्टावर प्राप्त."

*

आता पेच असा की बॉनेट उघडून हाताने रेस दिली की गाडी वाघ, आणि आत बसून पाय दिला की शेळी. आम्ही पाचही निवृत्तांनी यावर दोन दिवस विचार केला. कुणाही शहाण्या माणसाने यातून जो निष्कर्ष काढला असता तो आम्ही काढला नाही.

"हाताने चालते, बसल्यावर चालत नाही," भावसार म्हणाला. "म्हणजे दोष बसणाऱ्यात आहे. आबा, तुमचं वजन किती?"

डिकी रिकामी करण्यात आली. त्यातून दोन विटा, चार वर्षांचे दिवाळी अंक, एक मोडकी छत्री आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेली गणपतीची मूर्ती निघाली. तरी गाडी हलकी होईना. तेवढ्यात आबांचा डबा घेऊन अक्का आल्या. सलीम हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. तो चौथीपर्यंत त्यांच्या वर्गात होता.

"काय निघालं?" अक्कांनी विचारलं.

"आबांचं वजन जास्त आहे, अक्का," भावसार म्हणाला.

"मला वाटतच होतं. उद्यापासून भात बंद."

त्या फाइलीतला तत्काळ मंजूर झालेला तेवढाच एक प्रस्ताव.

*

मग कुणीतरी धुळ्याच्या एका उस्तादांचं नाव काढलं. कार्बोरेटरचे मोठे जाणकार. वयामुळे आता गॅरेजवर येत नाहीत, पण फोनवर सल्ला देतात. आबांनी फोन लावला आणि मोबाइल इंजिनाजवळ धरला. पाच मिनिटं आम्ही सगळे कीर्तनाला बसल्यासारखे शांत.

"उस्ताद, ऐकलंत? काय वाटतं?"

"खूप खरखर आहे," उस्ताद म्हणाले. "आणि मध्ये मध्ये आवाज तुटतो."

"म्हणजे दोष कशात?"

"तुमच्या मोबाइलात."

*

इथवर सगळी गंमत होती. मग पुण्याहून आबांचा मुलगा आला. मनोज. पोरगा सरळ आहे, फक्त मॅनेजर आहे. त्याने गाडी चालवून पाहिली आणि संध्याकाळी जेवताना निकाल दिला.

"आबा, रविवारी मावशीकडे धुळ्याला जाऊ. तिथून पुढे लळिंगचा घाट चढून दाखवा. चढली तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही चढली तर सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल. रस्त्यात तुम्हांला काही झालं तर आम्ही पुण्यात बसून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी आबा बाकावर येऊन बसले. फाइल उघडली नाही. म्हणाले, "नाना, मनोजला दहावीच्या पेपरला याच गाडीतून सोडायचो. बाहेर तीन तास थांबायचो. त्याला वाटतं, ती गाडी जुनी झाली."

सलीम गाडीखाली होता. तिथून त्याचा पान्याचा आवाज येत होता, तो थांबला. त्याने बाहेर डोकं काढलं, काहीतरी सांगणार असं वाटलं, आणि पुन्हा आत गेला.

*

रविवारी निघालो. आबा चालवायला, शेजारी मनोज, मागे अक्का आणि मी. मी साक्षीदार म्हणून. पारोळ्यापर्यंत रस्ता सपाट, तिथं कुठल्याही गाडीची अब्रू झाकली जाते. धुळ्यात मावशीकडे जेवण झालं. आबांनी भात घेतला नाही. म्हणाले, "वजन नको."

लळिंगचा घाट म्हणजे सह्याद्रीवाल्यांना विचाराल तर हसतील. पण आमच्या सपाट मुलखात तो हिमालय! चढ लागला तशी गाडी चाळीसवरून तीसवर आली, तीसवरून वीसवर. आबांचा पाय पार खाली दाबलेला. एवढ्यात कांद्याची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर आम्हांला मागे टाकून गेला. जाता जाता ट्रॅक्टरवाल्याने प्रेमाने विचारलं, "काय व्हयनं, आबा?"

"थांबवा," मनोज म्हणाला. "बास झालं. बाजूला घ्या." आणि त्याने खिशातून फोन काढला.

आबांनी गाडी कडेला घेतली. रुमाल काढला आणि समोरच्या डॅशबोर्डवरची धूळ पुसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. अक्का मागून बघत होत्या.

"मनोज," अक्का म्हणाल्या, "फोन ठेव. यांना एकदा बॉनेट उघडून बघू दे. तूही जा बरोबर."

बापलेक उतरले. बॉनेट वर झालं आणि पुढचं दिसेनासं झालं. अक्का उतरल्या, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून वाकल्या. अॅक्सिलरेटरच्या खालची मॅट उचलली, आत हात घातला आणि टायर कापून केलेला, साबणाच्या वडीएवढा जाड रबराचा तुकडा ओढून काढला. तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि परत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौथीच्या वर्गातला मुलगा बघेल तसा मी लगेच समोर बघायला लागलो.

"झालं का हो?" अक्कांनी हाक मारली. "बसा आता."

आबा बसले. पाय दिला. गाडी अशी निघाली की मनोजचं डोकं मागे आपटलं! तीस, चाळीस, पन्नास. वरच्या वळणावर आम्ही त्या कांद्याच्या ट्रॅक्टरला मागे टाकलं आणि आबांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला नमस्कार केला.

"जेटच होता!" आबा ओरडले. "मी तोंडाने फुंकर मारली, मनोज! सलीमने तीनदा साफ केला, पण फुंकर मारायची अक्कल लागते!"

"आबा, हरलो," मनोज हसत म्हणाला. "ठेवा गाडी."

घाटमाथ्यावर एका ढाब्यापाशी थांबलो. बापलेक पुन्हा बॉनेट उघडून उभे. आबा त्याला फुंकर कशी मारली ते करून दाखवत होते. अक्कांनी मला बाजूला बोलावलं.

"नाना, जरा सलीमला फोन लावून द्या."

मी लावून दिला.

"सलीम? हो, चढली. उद्या गाडी घेऊन पाठवते यांना. या खेपेला तुकडा जरा पातळ काप."