कासारमावशीची बोटं

कासारमावशी बांगड्या भरताना हाताकडे कधी बघायचीच नाही. ओसरीवर मांडी ठोकायची, समोरचीचा पंजा दाबून दाबून मऊ करायची आणि तोंडाने अख्ख्या पंचवटीच्या बातम्या: कुणाचा मुलगा सत्याग्रहात पकडला, कुणाची सून रुसली. "हात सैल सोड गं, तोडून नेत नाही मी," म्हणेपर्यंत मनगट भरलेलं असे. एखादी बांगडी पिचलीच तर "वाढली" म्हणायची. फुटली हा शब्द तिने आम्हा पोरींना कधी उच्चारू दिला नाही.

माझं लग्न ठरलं त्या सुमारास ती हाताकडे बघून बांगड्या भरू लागली. गप्पा बंद. बांगड्या वरचेवर वाढू लागल्या. बोटांना मुंग्या येतात, मग ती आपली वाटतच नाहीत, म्हणाली. वैद्यांनी वात सांगून तेल दिलं. मेनरोडवरच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, "मला उमगत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवा." तिचा नवरा बिचारा न्यायला तयार, पण ही हटून बसली.

मला भारी राग आला. "मावशी, काय झालंय ते कळायला नको?"

"आणि महारोग म्हणाले तर?"

"नाही म्हणाले तर?"

"तरी दाखवायला गेली होती, एवढं बास आहे लोकांना. मग कोण देईल गं माझ्या हातात हात?"

मी हट्ट सोडला नाही. शेवटी थोडी नमली. "तुझा चुडा भरते, मग जाते."

चुड्याच्या दिवशी ओसरी बायकांनी भरलेली. एक बांगडी तिच्या बोटांत पिचली, ती पुढची चढवत राहिली. हिरव्या काचेवर लाल दिसलं तेव्हा मला वाटलं, मलाच लागलं. रक्त तिचं होतं. काच बोटात रुतली होती आणि तिला पत्ताच नव्हता. "वाढली हो," म्हणत आईने पदराने पुसलं, पण बायकांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

संक्रांतीला बांगड्या भरायला तिला कुणी बोलावलं नाही. मुंबईला ती गेलीच नाही. "आता कुणासाठी दाखवायला जाऊ?" म्हणाली.

मी माहेरी आले तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पायही गेले होते. आजाराचं नाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मी जवळ बसले, तिची आवळलेली बोटं हातात घेतली आणि तिच्यासारखीच दाबून दाबून मऊ करू लागले. मला रडू आवरेना.

ती आढ्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "आलीच आहेस, तर जरा माझा हात धरतेस का गं?"