बाप्तिस्मा न झालेली बाई

वत्सलाबाई त्रिभुवन नर्स होत्या. नगर जिल्ह्यात, नेवाशाकडच्या तीन-चार खेड्यांत त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. त्या भागात आज तिशी-पस्तिशीची जी माणसं दिसतात, त्यांतली निम्मी वत्सलाबाईंच्या हातांवर जन्मली असं तिथले लोक सांगतात. नवरा वारल्यावर सहा वर्षं त्या एकट्याच राहिल्या. मग एका सकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्या, मनगट मोडलं, आणि त्यांची लेक सायली ऐकेचना. घराला कुलूप लावून ती आईला नाशिकला घेऊन आली.

सायलीचा नवरा महेश देवळाली कॅम्पात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. दोन खोल्या, पुढे छोटी गॅलरी. घरात काही कमी नव्हतं. वत्सलाबाईंना पहिली अडचण आली ती रविवारी.

त्या मुक्तिफौजेच्या, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांची आई चिमणाबाई पांढरं लुगडं नेसून, गळ्याशी फौजेची खूण लावून, खंजिरी वाजवत बाजाराच्या दिवशी गावात गाणी म्हणायची. फौजेत पाण्याचा बाप्तिस्मा देत नाहीत आणि येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षरस घेण्याचं प्रभुभोजनही नसतं. देव माणसाला आतून धुतो, सगळं जगणंच त्याच्यापुढं मांडायचं, अशी त्यांची शिकवण. मूल झालं की झेंड्याखाली धरून देवाला अर्पण करायचं, मोठं झालं की त्याच झेंड्याखाली शपथ घ्यायची. वत्सलाबाईंचं तसंच झालं होतं. आपल्यात काही उणं आहे असं बासष्ट वर्षांत त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. पण कॅम्पाच्या आसपास फौजेची उपासना काही त्यांना सापडली नाही.

मग त्या सायली-महेशबरोबर त्यांच्या फेलोशिपला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनासभेला, जाऊ लागल्या. एका हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, ड्रम, कीबोर्ड. आवाज एवढा की पहिल्या रविवारी वत्सलाबाईंचं डोकं दुखलं. पण माणसं मायेची. दुसऱ्याच रविवारी चार बायका घरी येऊन त्यांच्या मनगटासाठी प्रार्थना करून गेल्या, येताना डब्यात शेवग्याचं कालवणही घेऊन आल्या. पास्टर रविराज तिशीचा होता, आधी गाड्यांचा मेकॅनिक. त्याच्या नखांतलं काळं अजून पुरतं गेलेलं नव्हतं, आणि वत्सलाबाईंना त्याचं तेच आवडायचं.

तीन महिन्यांनी त्यानं विचारलं, ‘आंटी, पाण्यात उतरलात का?’

त्या नाही म्हणाल्या. तो रागावला नाही. त्यानं वही काढून मन लावून समजावलं. बाप्तिस्मा आज्ञा आहे, लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तरी तो धरत नाहीत, माणसानं जाणतेपणी पूर्ण बुडून वर यायला हवं. सायलीचं त्यात फार मन होतं. आई एकदा आपली झाली म्हणजे घर पुरं होईल, असं तिला वाटत होतं. वत्सलाबाईंनी लेकीच्या तोंडाकडे पाहून होकार दिला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी फेलोशिपची दोन वाहनं पिंपळगाव बसवंतकडे निघाली. तिथल्या एका द्राक्ष बागायतदाराचं शेततळं त्या दिवसापुरतं मागून घेतलं होतं. बागेत काढणी चालू होती, क्रेटांच्या थप्प्या लागल्या होत्या. तळ्याला आतून काळा प्लास्टिकचा कागद आणि उतरायला लोखंडी शिडी. बाप्तिस्म्याला पाच जण होते, सगळे पांढऱ्या कपड्यांत. तिघे उतरले, बुडाले, वर आले, काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या वत्सलाबाई. पास्टर रविराज कमरेइतक्या पाण्यात हात पुढे करून उभा होता. वत्सलाबाईंनी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. पाणी घोट्याला लागलं आणि त्या थांबल्या.

‘पास्टर, एक विचारते. माझी आई पाण्यात न उतरताच गेली. ती कुठं आहे?’

रविराजला काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यानं तसं केलं नाही. तो हळू आवाजात म्हणाला, ‘आंटी, मी खोटं सांगणार नाही. तुमच्या आईबद्दल मला सांगता येत नाही.’

वत्सलाबाईंनी मान हलवली. त्यांना त्याचा राग आला नाही. पण आता आपण बुडी घेतली तर आईवर शंका घेणाऱ्यांत आपलं एक मत पडेल, असं त्यांना वाटलं. त्या वळल्या, दोन पायऱ्या चढून वर आल्या आणि एका क्रेटवर बसून पाय पुसू लागल्या.

परतीच्या वाटेवर ओझरपर्यंत सायली आईसाठी आणलेल्या कोरड्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, ‘मी उतरले तेव्हा आजीचं नाव काढलं नव्हतं.’

‘तू कधी उतरलीस?’ वत्सलाबाईंनी विचारलं.

सायलीनं खिडकीकडे तोंड केलं. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला होता. त्याआधी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. तेव्हा वत्सलाबाईंची नोकरी चालू होती. त्या आठ दिवस येऊन, राहून, परत गेल्या. पुढचा महिनाभर याच फेलोशिपच्या बायकांनी पाळीपाळीनं येऊन सायलीचा स्वयंपाक केला, केस विंचरले, तिच्याबरोबर रडल्या. हे सगळं सायलीनं त्या गाडीत, पुढं बसलेल्या महेशला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात सांगितलं. वत्सलाबाईंनी ऐकून घेतलं. लेकीला तिचं घर कुठं मिळालं ते त्यांना कळलं, आणि आपण तेव्हा आठच दिवस राहिलो होतो, हेही. घरी गेल्यावर दोघी एका ताटात जेवल्या, पण बरेच दिवस कामापुरतंच बोलल्या.

त्यानंतर वत्सलाबाई रविवारी घरी बसू लागल्या. शेजारच्या फिलोमिना आंटीला ते बघवेना. ती कॅथलिक, नाशिकरोडच्या चर्चला जाणारी. ‘नुसती येऊन बस तरी,’ म्हणून ती त्यांना मिस्साला, चर्चच्या उपासनेला, घेऊन गेली. वत्सलाबाईंना तिथली शांतता फार आवडली. शेकडो माणसं एकदम गुडघे टेकतात तेव्हा होणारा तो एकच आवाज त्यांच्या अंगावर काटा आणायचा. वेदीपुढच्या मेणबत्त्या, धुपाचा वास, गाणाऱ्या मुली, सगळं देखणं होतं. पण कम्युनियनची, म्हणजे प्रभुभोजनाची, रांग लागली की बाकावर त्या एकट्या उरायच्या, आणि रांगेत जाणारी माणसं त्यांचे गुडघे ओलांडून पुढं सरकायची. कॉन्व्हेंटातल्या एका सिस्टरनं त्यांना प्रेमानं सांगितलं की शिकवणीच्या वर्गाला या, वर्षभरात तुम्हालाही घेता येईल. वत्सलाबाईंनी खूप विचार केला. नऊ रविवार त्या गेल्या. शेवटी फिलोमिनाला म्हणाल्या, ‘तुमच्याकडे मला पाहुणीसारखं वाटतं. पाहुणचारात काही कमी नाही हो. पण पाहुणीला आपला पेला आपण विसळता येत नाही.’

फिलोमिनाला ते पटलं की नाही कोण जाणे. पण तिनं आग्रह सोडला.

नाशिक शहरातल्या शरणपूरच्या जुन्या दगडी चर्चची माहिती त्यांना बसमध्ये मिळाली. शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीतून गीतांचं पुस्तक डोकावत होतं. विचारल्यावर ती म्हणाली, मराठी उपासना असते, नऊला, या की. जुलैतल्या एका रविवारी वत्सलाबाई कॅम्पातून एकट्याच शहर बसनं सीबीएसच्या मोठ्या बसस्थानकावर उतरल्या आणि विचारत विचारत शरणपूरला पोचल्या. शेवटच्या बाकावर बसल्या. पेटीवर गाणं सुरू झालं, संथ, जुन्या चालीचं, आणि त्यातली दोन कडवी त्यांना पाठ निघाली.

तिथल्या पाळक एक बाई होत्या, रेव्हरंड लोंढे. पन्नाशीच्या, चष्मा सारखा घसरणाऱ्या, प्रवचनात मध्येच थांबून ‘मागं ऐकू येतंय ना?’ विचारणाऱ्या. उपासना संपल्यावर त्या दारात उभ्या राहून प्रत्येकाला सलाम करत होत्या. वत्सलाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं.

‘सलाम, बाई. मी फौजेतली. मला बाप्तिस्मा झालेला नाही. आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणाला अवघड नको.’

लोंढेबाई म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत. आमच्यात बाप्तिस्म्याशिवाय प्रभुभोजन देता येत नाही, तो नियम मला मोडता येणार नाही. पण चहा घेता येतो. आणि तुम्ही काय करत होता?’

वत्सलाबाईंनी नर्स म्हणून सांगितलं. लोंढेबाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमा तुम्हाला बघता येतात का.

अशा तऱ्हेनं पुढच्या मंगळवारी वत्सलाबाई पुंजाबाबांच्या घरी गेल्या. पुंजाबाबा त्या चर्चच्या मंडळीतले जुने सभासद, ऐंशी पार केलेले, अर्धांगानं पडलेले. सून दिवसभर कामावर. पाठीवर आणि माकडहाडाशी जखमा झालेल्या. वत्सलाबाईंनी कोमट पाणी मागितलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि कामाला लागल्या. सुनेला कूस कशी बदलायची, चादर कशी ताणायची ते शिकवलं. आठवड्यातून तीनदा त्या कॅम्पातून शरणपूरला बस बदलून जाऊ लागल्या. पाठीवरची जखम पाच आठवड्यांत सुकली, खालची तेवढी सुकली नाही. पुंजाबाबांना बोलताना कष्ट पडायचे. एकदा ड्रेसिंग झाल्यावर ते म्हणाले, ‘लय हलका हात हाय तुझा. मंडळीत नवी दिसती.’

‘मंडळीत नाही मी अजून, बाबा.’

‘मग इथं काय करती?’ पुंजाबाबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटले.

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात पुंजाबाबा गेले. दुपारची वेळ होती. सून कामावरून धावत आली तेव्हा वत्सलाबाईंनी त्यांना आंघोळ घालून, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी लोंढेबाईंनी आपला विधी पूर्ण केला. माती टाकायच्या आधी त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘शेवटचे तीन महिने यांना तुमच्याइतकं कुणी पाहिलं नाही. तुमच्या पद्धतीनं दोन शब्द प्रार्थना करा.’

वत्सलाबाई गोंधळल्या. मग पुढे झाल्या. फौजेत माणूस मेला असं म्हणत नाहीत, त्याला वर बढती मिळाली म्हणतात. त्यांनी तसंच म्हटलं. म्हणाल्या, ‘प्रभू, आमच्या पुंजाबाबांना आज बढती मिळाली. त्यांच्या पाठीची एक जखम माझ्याच्यानं भरली नाही, ती तू बघ.’ एवढंच. सुनेला तिथं पहिल्यांदा मोकळेपणानं रडू आलं. फाटकाबाहेर पडताना मंडळीतले दोन म्हातारे आपसांत तोच शब्द घोळवत होते, बढती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दफनभूमीत मृतांच्या स्मरणाची उपासना होती. लोकांनी आपापल्या कबरी धुऊन फुलं ठेवली होती. लोंढेबाई कागदावरून वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचत होत्या, आणि मग ज्यांच्या कबरी दुसऱ्या गावी आहेत त्यांचीही. वत्सलाबाईंनी कुणाला नाव दिलेलं नव्हतं. त्या मागं उभ्या होत्या. पुंजाबाबांच्या घरी लोंढेबाई आल्या असताना, ड्रेसिंग करता करता त्यांच्याशी आईबद्दल कधीतरी बोलणं झालं होतं, तेवढंच.

‘चिमणाबाई, वत्सलाताईंची आई,’ लोंढेबाईंनी वाचलं आणि पुढचं नाव घेतलं.

वत्सलाबाई खाली बसल्या. कुणीतरी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही. मंडळीच्या मृतांत आईचं नाव घेताना कुणी तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. शेततळ्याच्या शिडीवर विचारलेला प्रश्न त्यांनी नंतर कुणालाच विचारला नाही, लोंढेबाईंनाही नाही.

पंधरा दिवसांनी त्यांनी आपणहून बाप्तिस्मा मागितला. लोंढेबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. फौजेत घेतलेली शपथ मोडतेय असं वाटतंय का, म्हणून विचारलं. वत्सलाबाई म्हणाल्या, ‘मोडत नाही. ती आहे तिथंच आहे. पण या माणसांबरोबर एका ताटातलं खावं असं वाटतं, आणि त्याची इथली रीत ही आहे.’

ही गोष्ट सायलीला सांगायचं त्यांना जड गेलं. सायली भांडली नाही. डोक्यावर ओंजळभर पाणी म्हणजे तिच्या मते बाप्तिस्माच नव्हे, आणि ते तिनं स्पष्ट सांगितलं. मग जरा वेळानं विचारलं, ‘साडी कुठली नेसणार आहेस?’ त्यावर दोघी कपाट उघडून बसल्या.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी वत्सलाबाईंना बाप्तिस्मा झाला. सायली आणि महेश आपल्या फेलोशिपची उपासना चुकवून आले होते. फिलोमिना आंटीही सकाळची मिस्सा आटोपून रिक्षानं आली. लोंढेबाईंनी तीनदा पाणी घातलं. ते थंड होतं, मानेवरून पाठीत उतरलं, आणि वत्सलाबाईंना शहारा आला. मग वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकायची वेळ झाली. डाव्या हाताला पुंजाबाबांची सून होती. तिनं थोडं सरकून जागा केली. वत्सलाबाईंनी तळहात एकावर एक ठेवून पुढे धरले. प्याला तोंडाशी आला तेव्हा मोडून जुळलेल्या मनगटाला त्याचा भार पुरता पेलेना, म्हणून लोंढेबाईंनी तो खालून धरून ठेवला.

अजूनही रविवारी देवळाली कॅम्पातल्या त्या घरातून माणसं दोन दिशांना जातात. सायली-महेश हार्डवेअरच्या दुकानावर, वत्सलाबाई बसनं शरणपूरला. दुपारी जेवताना सायली विचारते, प्रवचन कशावर होतं आज, आणि आईचं सांगून होईतो पोळ्या थंड होतात. उपासनेनंतर वत्सलाबाई तासभर तिथंच थांबतात. महिला मंडळाच्या खोलीत त्यांनी एक टेबल मांडलंय. रक्तदाब मोजायला म्हातारी माणसं रांगेनं बसतात, आणि त्या सगळ्यांचे चहाचे पेले वत्सलाबाई गोळा करून स्वतः विसळतात.