धाकट्या नराची मान

हळद तेलात कालवल्याचा वास आला की मला वडशाच्या आमच्या परसातली बदकं आठवतात. पाच माद्या आणि दोन नर, तोंडावर लाल गाठी असलेले, ओरडण्याऐवजी नुसते फुसफुसणारे. धाकट्या नराच्या मानेची पिसं रोज थोडी उपटलेली दिसायची आणि मी तिथं हळद तेलात कालवून लावायचे; एकदा तर रक्तही दिसलं. माझा संशय कुंपणापलीकडच्या टेलरचाचांवर होता, कारण ते चार दिवसांआड म्हणायचे, "बाई, दोन नर एका जागी जमत नाई. एक मले देऊन टाका ना." बदकाला हळूच छळायचं आणि ते मरतुकडं झालं की फुकटात उचलायचं, असा त्यांचा बेत मी धरूनच चालले होते. म्हणून एका रविवारी दुपारी मी पाण्याच्या ड्रममागे लपून बसले. बऱ्याच वेळानं थोरल्या नरानं धाकट्याची मान चोचीत पकडली आणि पाठीवर चढून तो त्याला नखांनी ओरबाडू लागला. मी उठायच्या आत चाचा कुंपण ओलांडून आले, थोरल्यावर त्यांनी टोपली पालथी घातली आणि धाकट्याला छातीशी धरलं. मी ड्रममागून बाहेर आले, तर नखं लागून त्यांच्या मनगटावरून रक्त ओघळत होतं. "आता तरी देता का बाई?" ते म्हणाले, "माझ्याकडं नुसत्या माद्याच हायेत, याले कोनी मारनार नाई." धाकटा त्याच दिवशी त्यांच्याकडे गेला. मी ड्रममागे काय करत होते, हे चाचांनी कधीच विचारलं नाही. ते त्यांना तेव्हाच कळलं असणार, असं मला आजही वाटतं.