सुलाबाईचा द्राक्षरस

चुडावा स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरात सुलाबाई दर महिन्याच्या पहिल्या रविवाराआधी काळे मनुके वाटून उकळायची. रविवारी सकाळी परभणीहून पॅसेंजरनं चर्चचे पाळकसाहेब येत, दहा-बारा ख्रिस्ती घरं तिच्या ओसरीवर जमत आणि येशूच्या आठवणीत पोळीचा तुकडा व द्राक्षरसाचा घोट घेण्याचं प्रभुभोजन होई. बिनमिठाची पोळी तिची, रसही तिचाच. ती मात्र कधी घेत नसे. ताट समोर आलं की मान खाली घालून ते पुढं सरकवी.

तिचा नवरा पंडित गँगमन होता. रुळावर घण मारता मारता तो सोबत्यांना सांगे, "आमची सुला सोताला त्या पोळीच्या लायक समजत न्हाई. असली नम्र बाई तुमी पाह्यलीच न्हाई."

नऊ वर्षं त्यानं हेच सांगितलं. त्याला ते खरंही वाटत होतं.

सत्त्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात नवे पाळकसाहेब म्हणाले, "नाताळात सुलाबाईंना शाल देऊ." पंडितची छाती फुगली. सुलाबाई मात्र उठून उभी राहिली. ओले हात ती पदराला पुसत होती.

"शाल नगं साहेब. मला आदी बोलू द्या."

मग ती बोलली, थांबत थांबत. "नामांतराच्या दंगलीत आमच्या गावची वस्ती पेटली, त्या दिशी हे ड्युटीवर व्हते. माझी चुलत भन दगडा लेकरू काखेत घिऊन दारात आली. 'सुला, कडी काढ' म्हनली. मी काढली न्हाई. माणसं आली, घर कुणाचं म्हनून इचारलं. मी आतून वरडले, 'आमी ख्रिस्ती हाव, तिचा आमचा काय संबंध न्हाई.' तिचा आजा आन् माझा आजा सख्खे भाऊ व्हते, साहेब. आमी ख्रिस्ती झालो, ते पुढं बौद्ध झाले, येवढाच फरक."

दगडाबाई आधीच पळून गेली, असं सुलाबाईनं पंडितला सांगितलं होतं. त्याचे कान तापले. सगळ्यांत आधी त्याला आठवले ते रुळावरचे सोबती.

पाळकसाहेबांनी प्रवचन केलं नाही. ते एवढंच म्हणाले, "देवाची दया आहेच, बाई. पण आधी दगडाबाईंकडं जाऊन या."

दगडाबाई आता दोन कोसांवर भावाच्या गावी राहत होती. रुळाच्या कडेनं दोघं निघाले. पंडित रागानं पुढं पुढं चालला होता. मागून सुलाबाई म्हणाली, "तुमी माघारी गेलात तरी चालंल. मी जाईन." तिचा आवाज हलला नाही. तो थांबला आणि तिच्या बरोबरीनं चालू लागला.

दगडाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. सुलाबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"ठाव हाय," दगडाबाई म्हणाली. "कडीमागं तुझी चाहूल ऐकू आली व्हती. तू बोलल्यालंबी. लेकरू घिऊन रातभर तुरीत बसले म्हनून वाचले."

"मग कुणाला सांगितलं कसं न्हाईस?"

"काय सांगू? सोताच्या भनीचं?" तिनं फोलपटं फुंकली. "आन् तुला दोन कोस चालायला नऊ वर्सं लागली व्हय गं?"

सुलाबाई रडली नाही. "लागली," म्हणाली.

दगडाबाईनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "माफ केलं असं आज माझ्या तोंडातून निघत न्हाई बघ. पर उन्हात उभी ऱ्हाऊ नगं. आत ये."

उंबऱ्यावर सुलाबाईचं पाऊल क्षणभर अडलं. पंडितनं ते पाहिलं. मग ती आत गेली.

पुढल्या पहिल्या रविवारी ताट आलं तेव्हा तिनं पोळीचा तुकडा घेतला. पेला ओठांना लावला आणि तोंड वाकडं केलं. "आगं माय! तुरट हाय की. मनुक्याच्या बियाबी वाटल्या गेल्या. नऊ वर्सं कुणी बोललं कसं न्हाई?"

म्हातारी चतुराबाई म्हणाली, "तू येवढी देवमाणूस, तुला कोण बोलणार?"

पाळकसाहेबांसकट सगळे हसले. पंडित हसता हसता डोळे पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी रुळावर कुणीतरी विचारलं, "काय पंडितराव, नाताळात शाल मिळणार म्हनं?"

"शाल न्हाई घेतली तिनं," घण उचलत पंडित म्हणाला. "बसा, सांगतो. आमची सुला सोताची चूक सांगायला दोन कोस चालत गेली."