पेशी अक्का आणि गळालेलं जनुक

औरादच्या बाजारात पेशी अक्का भेटली की नमस्कार नंतर. आधी ती तुमची खालची पापणी ओढून बघायची. तिचे वडील धनगर. मेंढरांची पापणी ते अशीच बघत, फिकी दिसली की जनावर आजारी. अक्का सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची, पण हाताची सवय तीच. "पांढरी दिसायलीस गं, ये उद्या!" हे भर बाजारात, भाजीवाल्यांसमोर! काही लोक तर तिला लांबून पाहूनच वाट बदलायचे.

नुसता तपासणीचा कागद हातात देऊन माणसाला वाटेला लावणं तिला जमायचं नाही. हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी न्यायची. "बघ, तुझ्याच पेशी हाईत!" म्हणताना तिचा चेहरा असा फुलायचा, की रोगी बिचारा आजार विसरायचा.

माझं लग्न आळंदच्या घरात ठरलं होतं. मुलगा मला मनापासून आवडला होता. आणि नेमकं तेव्हाच होणाऱ्या सासूबाईंच्या कानावर गेलं, की मुलीला रक्त कमी आहे. खरंच होतं ते. लहानपणापासून लोहाच्या गोळ्या, गूळ, बीट. आई दमली, मी विटले, रक्त होतं तिथंच. निरोप आला, "पोरीत खोट हाय, ऱ्हाऊ द्या." मी दोन दिवस जेवले नाही.

अक्काने माझं रक्त काचेवर घेऊन पाहिलं आणि चक्क टाळी वाजवली. मी रडतेय आणि ही टाळ्या पिटतेय! "कामून रडायलीस? पेशी बारक्या हाईत, पर लोह भरपूर असंल बघ." लोहाची तपासणी झाली, डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. नमुना शहरात गेला. रक्ताचा लाल रंग घडवणाऱ्या चार जनुकांपैकी दोन माझ्यात नव्हतीच.

अक्का बस धरून थेट आळंदला गेली. मी आणि आई मागोमाग.

"जनुकच न्हाई म्हणल्यावर पोरगी अपुरी झाली की," सासूबाई म्हणाल्या.

"अपुरी? अवो वैनी, माझ्या बापाच्या कळपात रोग आला की थोड्या मेंढ्या तरायच्या. पुढचा कळप त्यांच्याच कोकरांचा! माणसात हिवतापानं तेच केलं. ज्यांचं हे जनुक गळालं ती जास्त तगली, त्यांची लेकरं वाढली. म्हणून तर हे घरोघरी सापडायलंय. आन् तपासणी एकट्या पोरीचीच कामून? लेकरू दोघांचं असतंय. काढा हात, सगळ्यांनी!"

त्यांचे कागद आले. मुलाचं एक जनुक गळालेलं, आणि ही गळती आली होती त्याच्या आईकडून! दोघांचे कागद बघून डॉक्टरांनी सांगितलं, लेकरांना धोका नाही. "अभिनंदन वैनी, तुमचंबी एक गेलंय!" अक्का अंगणातूनच ओरडली.

सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मीबी तरलेल्यातली?"

"व्हय की!"

"मग तारीख काढा."

अक्का गेल्या उन्हाळ्यात गेली. त्यानंतर महिनाभरात माझ्या सात वर्षांच्या लेकीचा कागद आला. पेशी बारक्या. सासूबाईंनी नातीची पापणी ओढून बघितली आणि आनंदानं ओरडल्या, "आपल्यातलीच हाय गं! अक्काला फोन लाव!" फोन माझ्या हातात होता. मग दोघींनाही आठवलं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि मला फार फार रडू आलं.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मी अक्काच्या दवाखान्यात गेले. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंना विनंती केली, स्टूल ओढलं आणि लेकीला सूक्ष्मदर्शकापाशी उभं केलं.

"बघ," मी म्हणाले, "तुझ्याच पेशी हाईत!"