मासे आहेत का, एवढंच विचारलं

"रुई, कातला की मृगल?" बाबांनी विचारलं.

मी पेन खाली ठेवलं. माझ्या समोर रिफायनरीतले घोषसाहेब, त्यांच्या पत्नी शर्मिलाबाई आणि शर्मिलाबाईंचे वडील असे तिघे बसले होते. वडिलांना त्या बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणू लागलो. मांडीवर त्यांनी कापडात गुंडाळलेली गळाची काठी आडवी धरली होती, एखाद्याने पोथी धरावी तशी.

"तिन्ही मासे मिळतील," मी म्हणालो.

"किती मोठे?"

मी हात पसरून दाखवले. त्यात पाण्याचा ग्लास आडवा झाला आणि माउंट अबूची माहितीपत्रकं भिजली. पुढे काय वाढून ठेवलंय याची ही पहिली सूचना होती. पण सूचना समजून घेण्याबद्दल माझी कधीच ख्याती नव्हती.

फतेगंजमधल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी बुकिंग बघत असे. नोकरदार माणूस सुट्टीत मामाकडे जायचं सोडून पॅकेजवर जायला लागला होता, तो हा काळ. पॅकेज म्हणजे जाणं-येणं, राहणं, खाणं सगळं एकगठ्ठा विकायचं आणि तक्रारी मात्र सुट्या सुट्या ऐकायच्या. आमची गाडी श्रीनाथजी, उदयपूर, अबू या रुळावरून डोळे मिटून धावायची. कुणी फार हट्ट केला तर दमण. "तलाव पाहिजे, आणि तलावात गळ टाकून मासे धरता आले पाहिजेत," असं म्हणणारं गिऱ्हाईक त्या ऑफिसात तोवर आलेलं नव्हतं.

मालक मनुभाई. ते स्वतः कांदाही खात नसत. त्यांनी घोषसाहेबांची मागणी ऐकली, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि माझ्याकडे वळले.

"विनायकभाई, आ केस तमारो. तमे मराठी लोको तो माछली खाओ ने?"

वास्तविक आम्ही देशस्थ. आमचे पूर्वज गायकवाड सरकारात कारकुनी करायला बडोद्याला आले ते पळीपंचपात्र घेऊन. आमच्या घरात लसूणसुद्धा परवानगी काढून आत यायचा. पण तज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी खुर्चीत जरा मागे रेललो.

"खाईए ज ने," मी म्हणालो.

जाताना शर्मिलाबाई दारात थांबल्या. हळू आवाजात, बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "आई गेल्यापासून बाबांना मी इथे आणलंय. पण त्यांना करमत नाही. म्हणतात, ज्या गावात गळ टाकायची सोय नाही तिथे माणूस राहतो कसा? परत जायचं म्हणतात. तिकडे बंद घर आहे, बघायला कुणी नाही. मागे न्हाणीघरात पडले, तेव्हा दुपारपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. ही सुट्टी त्यांना आवडली ना, तर कदाचित राहतील."

एवढं सांगून त्या गेल्या. म्हणजे मी हॉटेल बुक करत नव्हतो. एका म्हाताऱ्या माणसाचा मुक्काम ठरवत होतो.

बडोद्यात पाणी नाही असं नाही. विश्वामित्री आहे. पण तिच्यात मगरी आहेत, आणि तिथे गळ टाकणाऱ्यालाच कुणी ओढून नेण्याचा संभव जास्त. म्हणून बाहेरगावी फोन सुरू केले. पहिल्या हॉटेलवाल्याने 'मछली' शब्द ऐकताच "राम राम राम" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने "आमच्याकडे शुद्ध जैन थाळी मिळते" असं अभिमानाने सांगितलं. तिसरा एका धरणावरचा सरकारी डाकबंगला होता. तिथला माणूस म्हणाला, साहेब रजेवर आहेत. साहेब कधी येणार, तर तेही साहेबांनाच माहीत.

शेवटी राजस्थानातलं एक गाव सापडलं. नाव सांगत नाही, तिथे माझी आठवण अजून काढत असतील. जुनी हवेली, तिचं हॉटेल केलेलं, आणि पायऱ्या थेट तलावात उतरलेल्या.

"तलावात मासे आहेत?" मी विचारलं.

"साब, पानी कम, मछली ज़्यादा!"

"मोठे?"

"बच्चे जितने बड़े. हाथ से खाती हैं."

हातातून खातात! मला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. आता हे ऐकून तुम्हाला जी शंका आली, ती मला का आली नाही? त्याचं कारण आमचं बालपण. आमच्याकडे तलावावर जायचं ते कणकेच्या गोळ्या घेऊन. रविवारी आई कणीक मळायची, आम्ही भावंडं पाण्यात गोळ्या टाकायचो, मासे यायचे, आम्ही खूश, मासे खूश, पुण्य लागलं, घरी चला. उभ्या बडोद्याचा माशांशी संबंध तेवढाच. माझ्या लेखी जिथे मासे दिसतात ती माशांसाठी उत्तम जागा. मी बुकिंग करून टाकलं.

मनुभाईंना वाटलं, रिफायनरीचं टाउनशिप हाती लागतंय. तिथली माणसं एकमेकांना विचारून सुट्टीला जातात. "तमे पण साथे जाओ," ते म्हणाले. "माछलीमां तमने समज पडे."

नवी कोरी सुमो ठरवली. मागच्या बाजूला बाबांनी एक डबा चढवला. त्यात 'चार' होता. चार म्हणजे मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात टाकायचं खाद्य. मोहरीची पेंड, भाजलेली मेथी, आंबवलेला भात, आणि आणखी काय ते बाबा कुणाला सांगत नसत. तो जितका कुजेल तितका चांगला. बाबांचा फार चांगला होता. बडोदं सुटायच्या आत ड्रायव्हर रमणने नाकाला रुमाल बांधला आणि मला विचारलं, "साहेब, पाछळ कंई मरी गयुं छे?"

शामळाजीच्या अलीकडे जेवायला थांबलो. बाबा माझ्या शेजारी बसले. प्रथमच मोकळे होऊन बोलत होते. "तुम्हा लोकांत रुई कशी करतात?"

मी वरणाचा घास गिळला. "फोडणी देऊन."

"कसली?"

"हिंग, जिरं... वरून कोथिंबीर."

बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमि जीवन में माछ खाया है?"

"नाही," मी म्हणालो.

घोषसाहेब पाण्याच्या घोटासकट हसले. बाबा हसले नाहीत. तज्ज्ञाची पदवी मी जेमतेम शामळाजीपर्यंत सांभाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर उतरलो. मॅनेजर स्वतः आला. हातात चांदीचा मुलामा दिलेली वाटी, त्यात कणकेच्या गोळ्या. "मछली के लिए साब, हमारी तरफ़ से," म्हणून वाटी माझ्या हाती देऊन तो आत गेला. गळाला लावायला आयतं आमिष! अशी सर्व्हिस उदयपूरच्या मोठ्या हॉटेलांतही मिळत नाही, असं मी घोषसाहेबांना सुनावलंसुद्धा.

बाबांनी काठी जोडली. दोरा ओवला. पाण्यात मासे एकमेकांच्या पाठीवर चढत होते. हवेलीच्या पायरीवर बसलेला तो माणूस आमच्या ऑफिसात आलेल्या माणसाहून दहा वर्षांनी लहान दिसत होता. शर्मिलाबाईंनी माझी बाही ओढली. "विनायकबाबू, ऐका. बाबा गुणगुणताहेत."

बाबांनी गळ टाकला. टाकला आणि लागला. काठी कमानीसारखी वाकली. बाबा उभे राहिले, घोषसाहेबांनी कॅमेरा काढला, आणि वरच्या पायरीवरून एका बाईने अशी किंकाळी फोडली की माझ्या हातातल्या गोळ्या पाण्यात गेल्या.

मग घंटा वाजू लागली. शेजारच्या देवळातून पुजारी ओल्या धोतरात धावत आला. "छोड़ो! छोड़ो! माताजी की मछली है!" त्याच्यामागे पूजेच्या ताटल्या घेतलेल्या बायका, दूधवाला, सायकलसकट एक पोस्टमन. पाहता पाहता घाट भरला.

तलाव देवीचा होता. मासे देवीचे. गावात कुणाचं काही मागणं असलं की माशांना कणीक घालायचा नवस करायचा, ही तिथली रीत. त्या तलावात गळ सोडाच, कुणी धुणंही धूत नसे.

"किसने लाया इनको?" पुजाऱ्याने विचारलं.

घोषसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शर्मिलाबाईंनी पाहिलं. रमणने तर बोट दाखवलं. काही माशांनीही पाहिलं असावं.

घंटा ऐकून धावत आलेल्या मॅनेजरवर मी घसरलो. "तुम्हीच सांगितलं, मासे आहेत म्हणून!"

"तो हैं ना साब," तो शांतपणे म्हणाला. "आपने पूछा, मछली है क्या. मैंने कहा, है. झूठ बोला क्या?"

या गोंधळात बाबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी मासा थकवत थकवत पायरीशी आणला. केवढा होता! खरंच पोराएवढा. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले, हात ओले केले, माशाच्या ओठातून गळ अलगद सोडवला आणि त्याला पोटाखालून धरून राहिले. त्याने शेपटी हलवल्यावर हात काढून घेतले. पुजाऱ्याची आरडाओरड आपोआप थांबली.

बाबा वर आले. काठीचे तुकडे वेगळे करून कापडात गुंडाळले. मग माझ्यापुढे उभे राहिले.

"फोन पे क्या पूछा था?"

"मासे आहेत का."

"और?"

"मोठे आहेत का."

"और?"

और काही नव्हतं.

"पाला हुआ माछ पकड़ना," ते म्हणाले, "शिकार नहीं है. चोरी है. तुमने मेरे हाथ से चोरी करवाया."

मी देवळात नारळ फोडला. गावाच्या समाधानासाठी आम्ही सगळ्यांनी परातभर कणीक मळली आणि माशांना घातली. उरलेली सुट्टी घोषसाहेब माशांचे फोटो काढत बसले. बाबा खोलीबाहेर आले नाहीत. परतीच्या वाटेवर सुमोत फक्त चाराचा वास बोलत होता.

त्याच आठवड्यात बाबा एकटे फतेगंजला आले. माझ्या समोर बसले. "कलकत्ता. एक तिकट. सिर्फ़ जाने का."

आमच्या धंद्यात 'फक्त जाण्याचं' तिकीट सर्वांत सोपं. माझ्याच्याने ते होईना. मी फॉर्म काढला, पेन उघडलं, बंद केलं. फोन उचलून शर्मिलाबाईंना कळवावं, तर समोर हे बसलेले.

"बाबा, एकदा मला परत..."

"नहीं."

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे ढकलला. "जाने से पहले तुमको फोन करना सिखाता हूँ. पूछो, पानी किसका है. जिसका पानी, उससे बात. बाद में माछ."

कुणाला विचारायचं? रमण बाहेर गाडी पुसत होता. त्याचं गाव करजणच्या पुढे, गावात तलाव. त्याला हाक मारली. म्हणाला, तलाव पंचायतीचा, पण पंचायत तो दरवर्षी इजाऱ्याने देते, म्हणजे भाडेपट्ट्याने. ज्याच्याकडे इजारा, मासे त्याचे. तो करजणला राहतो, त्याच्या शेजाऱ्याकडे फोन आहे. मी लावला. इजारदार येईपर्यंत धरून ठेवला. "तळावमां गळ नाखवा देशो?" माणूस म्हणाला, "आवो ने. रविवारे आवो. काकाने कहेजो, छत्री लई आवे, झाड नथी."

एवढंच. जे काम करजणच्या एका फोनने झालं असतं, त्यासाठी मी राजस्थान गाठलं होतं.

बाबांनी विचार केला. "तिकट सोमवार का करो."

रविवारी ते रमणबरोबर गेले. सोमवारी तिकीट पुढच्या आठवड्याचं करायला सांगायला आले. मग त्याच्या पुढच्या. रद्द आणि पुन्हा बुक, रद्द आणि पुन्हा बुक. रिझर्वेशन ऑफिसातला क्लार्क मला बघून खिडकी लावून घेऊ लागला. शेवटी बाबा म्हणाले, "तिकट रहने दो. पादरा का तरफ एक तालाब है, सुना है. फोन लगाओ."

ते राहिले. शर्मिलाबाईंनी ऑफिसात संदेश मिठाईचा डबा पाठवला. मला मात्र ती सुट्टी अजून संपलेली वाटत नाही. बाबा आठवड्यातून तीनदा यायचे, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचे, आणि मी आसपासच्या तालुक्यांतल्या इजारदारांना फोन लावायचो. ते स्वतः पहिलं गुजराती वाक्य शिकले ते "इजारो कोनी पासे छे?" अंगाला चाराचा वास. हनिमूनसाठी अबू विचारायला आलेली जोडपी दारातूनच परत फिरायची. टाउनशिपचं काम आम्हाला शेवटपर्यंत मिळालं नाही. मनुभाई अगरबत्ती लावायचे आणि बाबांकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "विनायकभाई, आ काकाने क्यांक फरवा मोकलो ने!"

आता मी नव्या मुलांना बुकिंग शिकवतो. त्यांना एवढंच सांगतो: गिऱ्हाइकाला कुठे जायचंय ते सगळेच विचारतात. तिथे पोचल्यावर तो हातांनी काय करणार आहे, ते विचारा. आणि मग ज्याची ती जागा आहे, त्याला ते चालणार आहे का, तेही विचारा. दोन्ही फोन आपल्या खर्चाने करावे लागतात. तरी स्वस्त पडतात.