वरच्या बायकांना मी खाली आणलं

तुम्ही कधी भर स्टेजवर सात-आठ बायकांना त्यांच्या चालीवरून ओढून आपल्या चालीवर आणलंय? मी आणलंय. वर त्याच्या टाळ्याही घेतल्यात. आता हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही वाशीला नवीनच राहायला आलो होतो. आमच्या खालच्या मजल्यावर फर्नांडिस टीचर राहायच्या. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेल्या. महिला मंडळाची समूहगीत स्पर्धा ठरली, तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "मी शिकवते." गाणंही त्यांनीच बांधलं, खाडीवरचं. मला म्हणाल्या, "मिसेस सावंत, आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी गायले. एकदा माझं गाणं स्टेजवर ऐकायचंय."

मग त्यांनी एकेकीचा आवाज ऐकला आणि दोन गट केले. वरच्या आवाजाचा एक, खालच्या आवाजाचा एक. मला टाकलं खालच्यात.

आता काय वाटलं असेल मला? कॉलनीच्या गणपतीत आरती उचलायची कुणी, तर मी. आणि मला खाली? मी बोलून दाखवलं.

टीचर म्हणाल्या, "म्हणूनच तर. तुमचा आवाज हलत नाही. बाकीच्या तुम्हाला धरून उभ्या राहतील. काही झालं तरी आपली चाल सोडायची नाही, काय?"

झालं, मी विरघळले.

टीचरांची खोली लहान. म्हणून दोन्ही गटांची तालीम वेगवेगळ्या दिवशी. आमची चाल म्हणजे काय सांगू, अर्धं गाणं एकाच सुरावर. मी कणीक मळताना म्हणायची, तर हे पेपरातून डोकं काढून विचारायचे, "गाणं आहे की पाढे?"

मी म्हणायची, "चर्चची पद्धत आहे. तुम्हाला नाही कळायची."

मलाही कळली नव्हती, हे सांगायला नकोच. माझी समजूत अशी, की बारीक आवाजाच्या बायका एकीकडे, जाड आवाजाच्या दुसरीकडे, पण गाणं तेच आणि चालही तीच. आपल्याकडे आणखी काय असतं? आरती पन्नास जणांची असली तरी चाल एकच. कुणी भरकटलं, तर शेजारचीनं आवाज चढवायचा आणि तिला परत वाटेवर आणायचं.

दोन्ही गटांची मिळून एकच तालीम झाली. नेमका त्या दुपारी पाण्याचा टँकर आला. मी हंडे घेऊन रांगेत, आणि गाणं तिकडे.

स्पर्धेचा दिवस. शाळेचा हॉल गच्च भरलेला, पुढच्याच रांगेत हे बसलेले. पेटी वाजली, टीचरांनी हात उचलला आणि आम्ही सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मी कान टवकारले. वरच्या बायका भलत्याच चालीत गात होत्या. बरं, एखादी नाही, सगळ्याच!

मी टीचरांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघून तळवा खाली दाबत होत्या. मी ओळखलं. यांना खाली आण, म्हणतायत.

आणि मी आवाज चढवला.

माझ्या शेजारी वाशीगावच्या जनाबाई. त्यांनी मला कोपर मारलं. कडवं संपून पेटी वाजत होती, तेवढ्यात कानाशी म्हणाल्या, "वयनी, त्यांची चाल येगली हाय."

"तेच तर," मी म्हटलं. "आता बघा कशी आणते."

दुसऱ्या कडव्याला वरच्या दोघी आमच्यात आल्या. मग आणखी दोघी. टीचरांचे दोन्ही तळवे खाली, चेहरा लालबुंद. मला वाटलं, बाई जीव तोडून सांगतेय, मग मीही जीव तोडला. शेवटच्या ओळीला सगळ्याजणी एका सुरात. तो आमचाच.

परीक्षक एका भजनी मंडळाचे बुवा होते. ते माइकवर म्हणाले, "सुरुवातीला थोडी गडबड झाली, पण भगिनींनी छान सावरून घेतलं." आम्हाला दुसरा नंबर! हे टाळ्या वाजवत होते. मी पदर सावरत टीचरांना शोधायला निघाले.

त्या विंगेत खुर्चीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नका टीचर. वरच्या भरकटल्या होत्या, पण मी आणलं सगळ्यांना."

त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मग हळूच म्हणाल्या, "मिसेस सावंत, त्या गात होत्या ना, ते गाणं होतं."

"मग आम्ही काय गात होतो?"

"त्याचा आधार. बिल्डिंग बांधताना खालून टेकू लावतात ना, तसा."

"म्हणजे आज लोकांनी..."

"टेकू ऐकला," टीचर म्हणाल्या. "बिल्डिंग तुम्ही पाडलीत."

जनाबाई मागे उभ्याच होत्या. "मी सांगतलं व्हतं," एवढंच म्हणाल्या.

मला रडूच आलं. बिचारीचं एकुलतं एक गाणं, आणि तेही तिला ऐकायला मिळालं नाही. माझे डोळे पाहून टीचरच माझी समजूत घालू लागल्या. म्हणाल्या, "उद्या या घरी. मी वरचं गाईन, तुम्ही खालचं. निदान आपण दोघी तरी ऐकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. आम्ही समोरासमोर बसलो, त्यांनी वरची चाल धरली, मी खालची. दुसऱ्या कडव्याला टीचर माझी चाल गात होत्या.